विमानात मोबाईलला रेंज येते का? आणि येत नसेल, तर फ्लाइट मोड कशाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लिखित अवतार. बोलताना जी वाक्यं अर्धवट सुटली होती ती इथे पूर्ण केली आहेत, बाकी गप्पा त्याच.

या विषयावर तुमच्या बऱ्याच व्हॉइस नोट आल्या होत्या. त्यातल्या दोन अगदी एकमेकींच्या विरुद्ध. एकीचं म्हणणं असं, की आई पहिल्यांदाच एकटी विमानाने निघाली, दोन तास तिचा फोन लागेना, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. विमानात फोन चालतच नाही का? दुसऱ्याचं म्हणणं, मी फ्लाइट मोड लावायला विसरलो, विमान व्यवस्थित उतरलं, मग हे नाटक कशाला?

आता हे दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. फोन जर वर लागतच नसेल, तर तो बंद करायला का सांगतात? आणि बंद करायला सांगतात म्हणजे तो कुठेतरी पोहोचत असणार ना? गंमत अशी आहे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फोनचा सिग्नल पोहोचतो, आणि तरीही फोन लागत नाही. हे कसं, ते आज समजून घेऊ.

आधी अंतराचा गैरसमज काढून टाकू

बहुतेकांना वाटतं, विमान खूप उंच असतं, म्हणून रेंज जाते. ऐकायला पटतं, पण आकडे बघा. प्रवासी विमान साधारण ३५ हजार फुटांवर उडतं. म्हणजे जवळपास साडेदहा-अकरा किलोमीटर. जुन्या टूजी तंत्रज्ञानात एका टॉवरची कमाल मर्यादा ३५ किलोमीटर ठरवलेली होती. कोकणात किंवा विदर्भात मोकळ्या माळावर सात-आठ किलोमीटरवरचा टॉवर तुमचा फोन पकडतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. मग अकरा किलोमीटर म्हणजे काही फार नाही. शिवाय मध्ये ना डोंगर, ना इमारत, ना झाड. सगळं मोकळं आकाश.

म्हणजे अडचण नुसत्या उंचीची नाही. अडचण तीन ठिकाणी आहे: टॉवरचं तोंड, विमानाचा पत्रा आणि विमानाचा वेग.

टॉवरचं तोंड खाली असतं

रात्री सिंहगडावरून पुणं बघितलंय का? रस्त्यावर उभे असता तेव्हा डोक्यावरचा एकच दिवा तुमच्यावर उजेड पाडतो. गडावर गेलात की हजारो दिवे एकदम दिसतात, पण त्यातल्या एकाच्याही उजेडात तुम्हाला पायाखालची वाट दिसत नाही. कारण दिव्यांची झाकणं वर असतात, उजेड खाली रस्त्यावर पाडलेला असतो.

मोबाईल टॉवरचं अगदी असंच आहे. त्यावरचे उभे पांढरे अँटेना नीट बघितलेत तर ते किंचित खाली झुकवलेले असतात. काही ठिकाणी तो झुकाव आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने दिलेला असतो, बाहेरून दिसत नाही. कारण सरळ आहे. कंपनीचे ग्राहक जमिनीवर आहेत, ढगात नाहीत. आकाशात सिग्नल पाठवणं म्हणजे वीज वाया घालवणं. त्यामुळे वर जो जातो तो मुख्य झोत नसतो, आजूबाजूला सांडलेला सिग्नल असतो. तो कुठे मिळतो, कुठे अजिबात नाही. म्हणून कधी कधी खिडकीजवळ फोनवर क्षणभर दोन काड्या दिसतात आणि लगेच गायब होतात.

पत्र्याचा डबा आणि खिडक्या

लिफ्टमध्ये शिरल्यावर कॉल तुटतो, तोच प्रकार इथे. विमानाचं अंग बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि धातूच्या डब्यातून रेडिओ लहरी सहज आरपार जात नाहीत. पण विमान म्हणजे पूर्ण बंद डबा नाही, त्याला खिडक्या आहेत. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटीमीटर आणि १८०० मेगाहर्ट्झची साधारण १७ सेंटीमीटर. विमानाची खिडकी साधारण याच मापाची असते. त्यामुळे सिग्नल खिडकीतून आत-बाहेर करतो, पण बराच अशक्त होऊन. म्हणूनच खिडकीजवळच्या माणसाला जे दिसतं ते मधल्या सीटवाल्याला दिसत नाही.

आणि मग वेग

समजा, तुम्ही एक्स्प्रेसवेवरून गाडीने मुंबईला निघालात. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला २८ मीटर. वाटेत तुमचा फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. याला हॅन्डओव्हर म्हणतात. गाडीत हे इतकं सहज होतं की बोलता बोलता कळतसुद्धा नाही.

विमान ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने जातं, म्हणजे सेकंदाला साधारण अडीचशे मीटर. शहरातल्या एका टॉवरचा पट्टा अर्धा-एक किलोमीटरचा असेल, तर विमान तो दोन ते चार सेकंदांत ओलांडतं. फोनने हात पुढे करावा, टॉवरने ओळख पटवावी, आणि तेवढ्यात विमान पुढच्या गावावर! शिवाय दर टॉवरला 'माझे शेजारी कोण' याची यादी दिलेली असते, आणि फोन सोपवायचा तो या यादीतल्यांपैकीच कुणाकडे तरी. विमानातल्या फोनला मात्र सांडलेल्या सिग्नलमुळे भलत्याच, दूरच्या टॉवरचा आवाज मोठा ऐकू येतो. तो यादीत नसतो. मग सोपवणार कुणाकडे?

वेगाचा अजून एक परिणाम म्हणजे डॉप्लर. रुग्णवाहिका जवळ येताना सायरन बारीक, उंच ऐकू येतो आणि पुढे गेली की जाड होतो, तोच हा परिणाम. विमानाच्या वेगाला १८०० मेगाहर्ट्झवर लहर जास्तीत जास्त दीड हजार हर्ट्झने सरकू शकते. टूजी तंत्रज्ञान ९०० मेगाहर्ट्झवर ताशी २५० किलोमीटर वेगापर्यंत नीट चालावं अशा बेताने आखलेलं होतं. फोरजीची आखणी करताना वेगवान रेल्वेगाड्या डोळ्यासमोर होत्या, म्हणून ते ताशी साडेतीनशे किलोमीटर आणि काही पट्ट्यांत त्याहून जास्त वेग सांभाळतं. जेट विमान मात्र त्या हिशोबात नव्हतंच.

तर उत्तराचा पहिला अर्धा भाग असा. उड्डाणानंतर आणि उतरण्याआधी, विमान खाली असताना, फोन लागू शकतो. घाटकोपरच्या छपरांवरून मुंबईत उतरताना अख्ख्या विमानात टुंग-टुंग मेसेज वाजतात, ते यामुळेच. वर, पूर्ण उंचीवर, तो बहुतेक वेळा लागत नाही. चुकून लागलाच तर टिकत नाही.

याचा सगळ्यात दुःखद पुरावा

हे फक्त कागदावरचं गणित नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत अपहरण झालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट ९३ मधून प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी घरच्यांना फोन केले, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यावरून इंटरनेटवर वर्षानुवर्षं वाद चालला, की विमानातून मोबाईल लागतच नाही, तर हे कॉल खरे कसे?

पुढे न्यायालयात मांडल्या गेलेल्या नोंदी बघितल्या की उलगडा होतो. त्या विमानातून ३७ कॉल झाले. त्यातले ३५ हे मोबाईलवरून नव्हतेच, ते सीटच्या पाठीला बसवलेल्या एअरफोनवरून होते. ही विमानासाठीच बनवलेली वेगळी सेवा. अमेरिकेत ती १९८४ मध्ये सुरू झाली, आणि तिचे जमिनीवरचे अँटेनाही विमानांसाठीच लावलेले होते. उरलेले दोन कॉल मोबाईलवरून झाले, सकाळी ९ वाजून ५८ मिनिटांच्या सुमारास. तेव्हा विमान बरंच खाली आलेलं होतं. पाच मिनिटांनी ते कोसळलं. आज आपण जे नियम समजून घेतोय, त्या दोन कॉलनी ते मोडले नाहीत. उलट तेच दाखवले. खाली आल्यावर मोबाईल लागला.

मग बंद कशासाठी?

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. पुन्हा सिंहगडावर जाऊ. तुमच्या हातात मोठी बॅटरी आहे आणि ती तुम्ही शहराकडे रोखून लावली. तुम्हाला वाट दिसो न दिसो, खाली अर्ध्या पुण्याला तुमचा उजेड दिसणार!

विमानातला फोन नेमकं हेच करतो. समजा नागपूरहून मुंबईला निघालेलं विमान छत्रपती संभाजीनगरच्या वर आहे. ३५ हजार फुटांवरून रेडिओ लहरींना साधारण ४०० किलोमीटरपर्यंत सरळ रेषेत वाट मोकळी असते. म्हणजे नाशिक, पुणे, नांदेड, मुंबई, सगळं त्या टप्प्यात. जमिनीवर तुमचा फोन दोन-चार टॉवरना ऐकू जातो. वरून तो एकाच वेळी शेकडो टॉवरच्या कानावर पडू शकतो.

आणि मोबाईल नेटवर्कचा सगळा संसार एका गोष्टीवर उभा आहे. तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची. नाशिकमध्ये जी वापरली तीच पुण्यात, कारण नाशिकचा फोन पुण्याला ऐकू जात नाही. विमानातला फोन मात्र दोन्हीकडे ऐकू जातो. एका फोनने काही बिघडणार नाही. पण दिवसभरात उडणाऱ्या हजारो विमानांतले लाखो फोन धरले तर?

म्हणूनच अमेरिकेत १९९१ मध्ये उडत्या विमानात सेल्युलर फोन वापरायला बंदी आली, ती घातली दूरसंचार नियामक संस्थेने, म्हणजे एफसीसीने. विमान वाहतूक खात्याने नाही! ही बाब फार कमी जणांना ठाऊक असते. त्यांची मुख्य काळजी जमिनीवरच्या नेटवर्कची होती. २०१३ मध्ये ही बंदी सैल करायचा प्रस्ताव आला, आणि २०२० मध्ये तो गुंडाळण्यात आला.

विमानाला धोका आहे की नाही?

स्पष्ट सांगतो. प्रवाशाच्या मोबाईलमुळे प्रवासी विमान कोसळलं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. आणि फ्लाइट मोड विसरणारे तुम्ही एकटे नाही. २००३ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३७ प्रवासी उड्डाणांत मोजणीचं यंत्र बॅगेतून नेलं. तेव्हा बंदी असूनही दर उड्डाणात सरासरी एक ते चार कॉल होताना त्यांना आढळले.

पण 'काही झालं नाही' म्हणजे 'काही होऊच शकत नाही' असं नाही. टॉवर सापडत नसला की फोन गप्प बसत नाही, तो ओरडतो. जितका टॉवर दूर, तितकी ताकद जास्त. टूजीचा फोन ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत ताकद लावू शकतो. फोरजीचा त्या मानाने बराच कमी, साधारण ०.२ वॅट. जुना फोन स्पीकरजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी स्पीकरमधून टर्र-टर्र आवाज यायचा. आठवत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. तसाच आवाज पायलटच्या हेडफोनमध्येही येऊ शकतो, आणि तोही नेमका नियंत्रण कक्षाकडून सूचना ऐकायच्या वेळी.

आणखी एक उदाहरण. २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, तेराशेहून जास्त बोईंग विमानांच्या कॉकपिटमधले काही डिस्प्ले बदलायचा आदेश काढला. चाचण्यांमध्ये वायफायच्या लहरींमुळे ते डिस्प्ले क्षणभर कोरे होऊ शकतात असं दिसलं होतं. प्रत्यक्ष उड्डाणात अपघात झाला नव्हता, पण वाट कशाला बघायची? विमानशास्त्राचा स्वभावच असा आहे. आधी सिद्ध करा की धोका नाही, मग परवानगी.

याच एफएएने त्याआधी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, फोन-टॅबलेट फ्लाइट मोडमध्ये संपूर्ण प्रवासभर वापरायला मोकळीक दिली. तेव्हा एक सूचनाही दिली. साधारण एक टक्का उड्डाणांत, जेव्हा धुक्यामुळे समोरचं दिसत नाही आणि विमान यंत्रांच्या भरवशावर उतरतं, तेव्हा कर्मचारी उपकरणं पूर्ण बंद करायला सांगू शकतात. तेव्हा दिल्लीच्या धुक्यात उतरताना हवाई सुंदरीने फोन बंद करा म्हटलं, तर तोंड वाकडं करू नका. भारतात डीजीसीएने एप्रिल २०१४ मध्ये फ्लाइट मोडमधल्या वापराला अशीच मुभा दिली.

पण काही विमानांत तर फोन लागतो!

हो, लागतो. कारण तिथे टॉवरच विमानात बसवलेला असतो. त्याला पिकोसेल म्हणतात. हा जेमतेम एका केबिनपुरता टॉवर. तुमचा फोन त्याच्यापासून काही मीटरवर, त्यामुळे फोनला ओरडावं लागत नाही. पिकोसेल त्याला सांगतो, हळू बोल. मग तो सिग्नल विमानाच्या डोक्यावरच्या अँटेनातून उपग्रहाकडे, तिथून जमिनीवर, आणि मग तुमच्या कंपनीकडे. २० मार्च २००८ ला दुबईहून कॅसाब्लांकाला जाणाऱ्या एमिरेट्सच्या विमानात एअरोमोबाईलच्या यंत्रणेवर पहिला अधिकृत मोबाईल कॉल झाला.

२०२२ मध्ये 'युरोपात आता विमानात फाइव्हजी, फ्लाइट मोडला रामराम' अशा बातम्या फिरल्या होत्या. ती परवानगीसुद्धा विमानातल्या याच छोट्या टॉवरसाठी होती, जमिनीवरच्या टॉवरसाठी नाही.

दुसरा मार्ग वायफायचा. इथे फोन फ्लाइट मोडमध्येच राहतो, फक्त वायफाय चालू करायचं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, म्हणून मेसेज जातो पण उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, म्हणून ते चपळ. युरोपात तर जमिनीवर जवळपास ३०० खास टॉवर उभारलेत, विमानातल्या इंटरनेटसाठी. त्यांची तोंडं कुठे आहेत, सांगा बघू? बरोबर, वर!

भारतात यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये नियम आले. त्यात भारतीय हवाई हद्दीत अशी सेवा सुरू करायला ३,००० मीटर ही किमान उंची ठेवली होती, तीही जमिनीवरच्या नेटवर्कला त्रास नको म्हणून. २०२० मध्ये विस्ताराने आंतरराष्ट्रीय मार्गावर वायफाय सुरू केलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने काही निवडक विमानांत देशांतर्गत मार्गांवरही ते आणलं.

खिशाला लागणारी गोष्ट

आता जरा कान देऊन ऐका, म्हणजे वाचा. पिकोसेलवर लागलेला फोन हा रोमिंगचा फोन असतो. परदेशी विमानात तुम्ही फ्लाइट मोड लावला नाही आणि डेटा रोमिंग चालू असेल, तर तुम्ही झोपलेले असताना फोन आपणहून त्या नेटवर्कला चिकटू शकतो. पाठीमागे फोटोंचा बॅकअप चालू, अ‍ॅप अपडेट चालू, आणि मीटर पळतोय. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या पॅकमध्ये विमानातलं नेटवर्क धरलेलं असेलच असं नाही. त्यासाठी कंपन्यांचे वेगळे इन-फ्लाइट पॅक असतात. निघण्याआधी विचारून घ्या. फ्लाइट मोडमुळे विमान वाचतं की नाही यावर वाद घाला, पण पैसे वाचतात यावर वाद नाही!

अजून तीन छोट्या गोष्टी.

बॅटरी: टॉवर शोधत राहिलेला फोन उतरेपर्यंत गरम आणि अर्धा रिकामा होतो. आणि नेमकं विमानतळाबाहेर कॅब बोलवायची असते.

जीपीएस: ते फक्त ऐकतं, बोलत नाही. म्हणून बऱ्याच फोनमध्ये फ्लाइट मोडमध्येही चालतं. नकाशा आधी डाउनलोड करा, खिडकीशी बसा, आणि खाली गोदावरी आहे की भीमा ते ओळखा.

ब्लूटूथ: फ्लाइट मोड लावल्यावर ते पुन्हा चालू करता येतं. त्याची ताकद अगदी किरकोळ असते, त्यामुळे हेडफोन वापरायला बहुतेक कंपन्या हो म्हणतात. म्हणजे आपले भाग डाउनलोड करून ठेवा!

आणि ज्यांची माणसं विमानात आहेत त्यांच्यासाठी. 'संपर्क क्षेत्राबाहेर' हे वाक्य विमानप्रवासात वाईट बातमी नसतं. ते सगळं नेहमीसारखं चाललंय याचं लक्षण आहे. फोन वीस वेळा लावण्यापेक्षा फ्लाइट नंबर घेऊन ठेवा आणि विमान कुठे आहे ते फ्लाइट ट्रॅकिंगच्या वेबसाइटवर बघा. आई-बाबा पहिल्यांदा जात असतील तर निघण्याआधी दोन गोष्टी हमखास शिकवा: फ्लाइट मोड लावायचा कसा, आणि उतरल्यावर काढायचा कसा. कारण उतरून दोन तास झाले तरी फोन लागत नाही, याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. तो लावलेला मोड काढायचा राहून गेलेला असतो!

या भागावर तुमचे प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. जमिनीवरून पाठवलीत तर लवकर पोहोचेल. भेटू पुढच्या भागात.